रामन राघव २.० : कोणी पाहिला? (कथानक उघड केलेलं आहे)

रात्रपाळी

मंडळी, अनुराग कश्यपचा 'रामन राघव २.०' २४ जून २०१६ ला लागला. आम्ही चार मित्रांनी पहिल्याच रविवारी ठाण्यात पाहिला आणि तेव्हापासून आमची व्हॉट्सअॅपवर जी जुंपली आहे ती मिटायचं नाव नाही. म्हणून हा धागा. ज्यांना कोऱ्या मनाने बघायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे सगळंच लिहितोय.

मित्रांची तक्रार अशी की सीरियल किलरचा पिक्चर म्हणून तिकीट काढलं आणि एक खून धड दाखवला नाही. मध्यंतरात आमच्या पुढच्या रांगेतले काहीजण उठून गेले ते परत आलेच नाहीत. मागून कोणीतरी "अरे, दाखव ना!" असं ओरडलंसुद्धा.

माझं मत बरोबर उलटं आहे. घाव बसायच्या क्षणी कॅमेरा बहुतेक वेळा बाजूला होतो आणि उरतो तो फक्त आवाज. त्यामुळेच मी घाबरलो. खुनी रामन्ना (नवाजुद्दीन सिद्दीकी) त्याचा लोखंडी दांडा रस्त्यावरून फरफटत नेतो त्याचा खरखराट ऐकू आला की पोटात गोळा येत होता. आणि सगळ्यात भयंकर प्रकरण त्याच्या बहिणीच्या घरातलं. किती वर्षांनी भाऊ दारात उभा. त्याला घरात घ्यायचं नाहीये, हाकलायची हिंमत नाहीये. ती त्याच्याशी बोलतेय, स्वयंपाकाचं बघतेय आणि डोळ्यांनी दाराचा अंदाज घेतेय. मग नवरा येतो, मूल असतं. पडद्यावर अजून कोणी कोणाला बोटही लावलेलं नसतं आणि आपण खुर्चीत आक्रसून बसलेलो असतो. त्या घरात काय होणार हे आपल्याला कळलेलं असतं, त्या नवऱ्याला कळलेलं नसतं.

एक पार्श्वभूमी सांगतो. मूळ बेत साठच्या दशकात मुंबईत खून करत फिरलेला खरा रामन राघव दाखवायचा होता. पण तो काळ उभा करायला पैसा लागतो आणि गेल्या वर्षी 'बॉम्बे व्हेल्वेट' आपटल्यावर कश्यपला तेवढा पैसा कोण देणार? मग कश्यप आणि वासन बाला यांनी गोष्ट आजच्या मुंबईत आणली. साडेतीन कोटींच्या आसपास खर्च आणि वीसेक दिवसांचं चित्रीकरण, असं छापून आलंय. आधीच्या सिनेमावर शंभर कोटींच्या वर गेले होते. मला हा त्याच्यापेक्षा कितीतरी पटीने सच्चा वाटला.

तुम्हाला कसा वाटला? पैसे वसूल की वाया?

पेठेतला

वाया. स्पष्ट सांगतो.

माणूस स्वतःहून येऊन पोलिसांना सांगतो की मी नऊ खून केलेत. पोलीस काय करतात? विश्वास ठेवत नाहीत, कुठल्यातरी पडक्या इमारतीत डांबतात, आणि तो पळतो. हा एसीपी आहे का कोण आहे? बोटांचे ठसे नाहीत, पंचनामा नाही, वरिष्ठांना कळवणं नाही. तपास असा नाहीच. मला थ्रिलरमध्ये मांजर-उंदराचा खेळ हवा असतो. इथे मांजर नशेत आणि उंदीर स्वतःच पिंजऱ्यात येऊन बसतोय.

शिवाय ते प्रकरणांचे मथळे. प्रत्येक वीस मिनिटांनी पडद्यावर नवा मथळा आला की आता काहीतरी वेग येईल असं वाटतं, आणि परत तेच.

नवाजुद्दीन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एका माणसाच्या जिवावर दोन तासांच्या वर सिनेमा ओढता येत नाही.

कोकणकन्या

बहिणीच्या प्रसंगाला +१. त्याच्यानंतर मी पॉपकॉर्न खाली ठेवले ते उचललेच नाहीत.

तिसरी घंटा

बहिणीच्या प्रसंगावर मला लिहायलाच हवं, कारण मी बरीच वर्षं प्रायोगिक नाटकात काम करते आणि अमृता सुभाषने त्या छोट्याशा जागेत जे केलंय ते किती अवघड आहे हे मला दिसतं.

आपण तिला 'श्वास'पासून ओळखतो. 'अस्तु'साठी तिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गेल्याच वर्षी 'किल्ला'मधली आई पाहिली. त्यामुळे ती पडद्यावर दिसल्याबरोबर मराठी प्रेक्षकाला घरचं माणूस भेटल्यासारखं होतं, आणि याचाच त्रास पुढे जास्त होतो.

नीट बघा, ती पहिल्यापासून रडत नाही. रडणं सोपं असतं. ती आधी बहिणीसारखी वागायचा प्रयत्न करते. आवाज शक्य तितका सरळ ठेवते. भावाचा स्वभाव तिला लहानपणापासून माहीत आहे, म्हणजे कुठल्या शब्दाने तो बिथरेल हेही तिला माहीत आहे, आणि म्हणून ती प्रत्येक वाक्य तोलून टाकते. पण अंग ऐकत नाही. खांदे वर गेलेले, श्वास वरच्या वर. नटाला आवाज आणि शरीर असं दोन दिशांना नेणं फार कठीण जातं. बहुतेकांचं एक दुसऱ्याला ओढून नेतं.

दुसरं म्हणजे या दोघांमध्ये पूर्वी काय घडलंय हे सिनेमा सविस्तर सांगत बसत नाही. दोन-चार बोलण्यांतून आणि तिच्या नजरेतून ते आपल्याला कळतं. नवाजुद्दीन जितका सैल, तितकी ती आवळलेली. तो हसतो तेव्हा तिला हसावं लागतं. त्या हसण्याला मी सलाम करते.

हा प्रसंग स्वतंत्र एकांकिका म्हणून उभा राहील. एक खोली, चार माणसं, एक बंद दार. नेपथ्याला खर्च शून्य.

शेवटची लोकल

मी चित्रीकरणाच्या व्यवस्थेत काम करतो (या सिनेमाशी माझा संबंध नाही), त्यामुळे खर्चाबद्दल थोडं.

साडेतीन कोटी ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण हिंदीत एवढ्यात ओळखीचे चेहरे घेऊन पूर्ण लांबीचा सिनेमा करणं म्हणजे तारेवरची कसरत. पैसा कुठे जातो? सेट, दिवे, व्हॅनिटी, जमावाची माणसं, आणि सगळ्यात जास्त दिवसांवर. एक दिवस वाढला की सगळ्या युनिटचं भाडं, जेवण, प्रवास, भत्ता वाढतो. त्यामुळे दिवस कमी ठेवले की अर्धी लढाई जिंकली. पण दिवस कमी म्हणजे रीटेक कमी, प्रकाशयोजनेला वेळ कमी. मग खऱ्या जागा, मिळेल तो उजेड आणि हातात कॅमेरा. जय ओझाच्या छायाचित्रणात हे दिसतं. वस्तीतला तो पाठलाग आठवा, गल्ली इतकी अरुंद की पळणाऱ्याचे दोन्ही खांदे भिंतींना लागतील. असा सेट बांधायचा म्हटलं तर सगळं बजेट तिथेच संपेल, आणि बांधला तरी ती ओल, त्या वायरी, ते पत्रे कुठून आणणार?

>>एक खून धड दाखवला नाही

खून पडद्यावर दाखवायचा तर त्यालाही खर्च आहे बरं का. रक्त, जखमेचा मेकअप, तो सुकायचा वेळ, रक्ताने खराब झालेल्या कपड्यांचे दुसरे-तिसरे जोड, परत परत जागा पुसणं. एका घावात अर्धा दिवस जातो. न दाखवण्याचा निर्णय कलात्मक असेलच, पण तो खिशालाही परवडणारा आहे, आणि चांगला दिग्दर्शक तंगीतून अशीच वाट काढतो. आवाज मात्र स्वस्तात उरकलेला नाही. दांड्याचा आवाज आणि राम संपतचं संगीत यांवर मेहनत घेतलेली कळते.

पेठेतला, तपास नाही हे मान्य. पण ही तपासकथा म्हणून लिहिलेलीच नाहीये. खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलंय.

पेठेतला

>>ही तपासकथा म्हणून लिहिलेलीच नाहीये

मग पोस्टरवर, ट्रेलरमध्ये पोलीस आणि खुनी समोरासमोर का उभे केलेत? प्रेक्षक तेच बघून आत येतो. उठून गेलेल्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही.

घाटमाथा

मी उठून गेलो नाही पण समजू शकतो. सोमवारी रात्रीचा खेळ होता, पंधरा-वीस माणसं. 'सैराट' बघून आलेली गर्दी अजून डोक्यात होती, त्यामुळे रिकामं थेटर जास्तच अंगावर आलं. सिनेमा बरा वाटला, परत बघणार नाही.

सांजवात

मला सिनेमापेक्षा थेटरची भीती वाटली.

नवाजुद्दीनच्या वाक्यांवर लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. रस्त्यातले काळे-पांढरे चौकोन, देवाशी त्याचं बोलणं, यावर हशा. इथपर्यंत ठीक आहे, लेखनच तसं आहे, माणूस विचित्र आणि गमतीदार वाटावा असंच रचलंय. पण राघव, म्हणजे विकी कौशलचा पोलीस, त्याच्या मैत्रिणीला, सिमीला, ज्या पद्धतीने वागवतो तिथेही मागच्या रांगेत हसणं चालू होतं, आणि तिथे हसण्यासारखं काहीही नाही.

सिमी झालेल्या शोभिता धुलिपालाचा हा पहिलाच सिनेमा. चांगलं काम केलंय तिने. पण तिला लिहिलंय काय? मारहाण सोसणारी, परत त्याच्याकडेच येणारी, आणि शेवटी त्याच्याच हातून मरणारी मुलगी. तिचं घर, तिचं काम, तिच्या मैत्रिणी, काही नाही. ती मरते तेव्हा गोष्टीला तिचं दुःख नसतं. त्या मृत्यूमुळे रामन्ना आणि राघव जवळ येतात, एवढाच त्याचा उपयोग. रामन्ना तिच्या खुनाचा आळ स्वतःवर घ्यायला तयार होतो आणि शेवटचं प्रकरण या दोघांच्या जोडीचं होतं. बाई मेली ती मेलीच, पुरुषांचं एकमेकांना ओळखणं महत्त्वाचं ठरलं.

बहिणीचा प्रसंग मलाही थरकाप उडवणारा वाटला. का ते नंतर लक्षात आलं. संपूर्ण सिनेमात तेवढ्या एकाच ठिकाणी आपण मरणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो असतो. बाकी सगळीकडे आपण खुन्याच्या खांद्यावर बसून फिरतो.

तिसरी घंटा

सांजवात, शेवटच्या परिच्छेदाला अगदी मनापासून अनुमोदन. मी अभिनयाबद्दल लिहिलं, पण अभिनय पोचला कारण कॅमेरा तिला वेळ देतो. सिमीला तो वेळ मिळालेला नाही.

रात्रपाळी

>>संपूर्ण सिनेमात तेवढ्या एकाच ठिकाणी आपण मरणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो असतो

हे वाक्य वाचून थांबलो. मी भीतीचं श्रेय न दाखवण्याला देत होतो. पण बाकीचे खूनही न दाखवलेलेच आहेत, आणि त्यांची एवढी भीती वाटत नाही. फरक तुम्ही म्हणता तो आहे. त्या घरातल्या तिघांना आपण ओळखायला लागलेलो असतो.

राघव आणि रामन्ना ही एकाच नाण्याची दोन नावं, एकाला वर्दी आहे म्हणून तो सुटतो, हा विचार मला अजूनही पटतो. विकी कौशलने तो पोलीस कुठेही गोड केलेला नाही. पण सिमीबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

घाटकोपरकर

चर्चा छान चालली आहे. पण मूळ प्रकरणाबद्दल कोणीच लिहिलेलं नाही. माझं बालपण घाटकोपरला गेलं आणि घरातल्या मोठ्यांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की पुढे मिळेल ते वाचत गेलो. थोडं सविस्तर लिहितो.

१९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूच्या पूर्व उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले होऊ लागले. डोक्यात जड वस्तूचा घाव, माणूस झोपेतच खलास. त्या वेळी पोलिसांनी एका संशयिताला पकडलंही होतं. तो रामन राघवच होता. आधी दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षं शिक्षा भोगलेला, पोलिसांच्या दप्तरी नोंद असलेला माणूस. पण पुरावा मिळेना, सोडावं लागलं. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत तेच सत्र पुन्हा सुरू झालं आणि तपास गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे गेला. हेच कुलकर्णी पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झाले.

आजी सांगायची, ऑगस्टच्या उकाड्यातही लोक खिडक्या लावून झोपायचे. चाळीतले पुरुष काठ्या घेऊन आळीपाळीने गस्त घालायचे. वस्तीत आलेल्या एका अनोळखी भिकाऱ्याला लोकांनी संशयावरून बेदम मारलं होतं. त्याचा काही संबंध नव्हता.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी डोंगरी भागात जुन्या फोटोवरून त्याला ओळखलं. हातात ओली छत्री होती आणि त्या भागात पाऊस पडलेला नव्हता, असं सांगतात. झडतीत काय निघालं? एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. मला ही यादी कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त अस्वस्थ करते. हा माणूस सगळा संसार अंगावर घेऊन फिरत होता.

चौकशीत तो गप्प. काय हवं विचारलं तर कोंबडीचं जेवण मागितलं. ते मिळाल्यावर बोलू लागला. पुढे पोलिसांना घेऊन शहरभर फिरला, लपवलेला लोखंडी दांडा काढून दिला आणि ४१ खुनांची कबुली दिली. प्रत्यक्षात किती, हे त्यालाही नक्की सांगता आलं असतं की नाही कोण जाणे.

सिनेमातल्या माणसाचं 'सिंधी दलवाई' हे नाव, तो दांडा, हे इथून आलंय. बाकी सुरुवातीलाच पाटी लावून सांगितलंय की ही त्याची गोष्ट नाही, ते प्रामाणिक वाटलं.

पण मारले गेले ते कोण? फुटपाथवर झोपणारे, नुकते गावाहून आलेले, ज्यांचा पत्ता 'अमुक पुलाखाली' एवढाच. रामन राघव हे नाव पन्नास वर्षं टिकलं. त्यातल्या एकाचंही नाव मला किंवा माझ्या घरच्यांना सांगता येत नाही.

पेठेतला

घाटकोपरकर, सविस्तर माहितीबद्दल मनापासून आभार. यातली ओली छत्री आणि जुना फोटो एवढ्यावर एक अस्सल तपासपट होतो. मला हाच सिनेमा बघायचा होता!

पुण्याचा संबंध मला माहीत आहे. तो येरवड्याच्या तुरुंगात होता आणि १९९५ मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने वारला. आमच्याकडे मात्र जुन्या लोकांच्या तोंडी जोशी-अभ्यंकर हत्याकांड जास्त. अंधार पडला की १९७६ च्या त्या हिवाळ्यात टिळक रस्ता ओस पडायचा असं घरी अजून सांगतात. त्यावर राजदत्तांनी १९८६ मध्ये 'माफीचा साक्षीदार' केला, नाना पाटेकर होते. मराठीत या जातीचं त्यानंतर फार काही आठवत नाही.

कोकणकन्या

'माफीचा साक्षीदार' लहानपणी टीव्हीवर अर्धाच पाहिला होता, आईने बंद केला. पूर्ण बघायची अजून हिंमत होत नाही, कारण ती माणसंही घरात शिरूनच मारायची.

मनोव्यापार

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. घाटकोपरकरांनी अटकेपर्यंत लिहिलंय, मी त्याच्या पुढचं लिहिते, कारण सिनेमा बघून आलेल्या दोन पालकांनी मला विचारलं, "आमच्या मुलालाही स्किझोफ्रेनिया आहे, लोक आता त्याच्याकडे असंच बघतील का?"

खटला १९६९ मध्ये चालला. बचाव पक्षाने मनोविकाराचा मुद्दा मांडला. पोलीस सर्जनने काही आठवडे निरीक्षण करून तो वेडा नसल्याचा अहवाल दिला. फाशी झाली आणि त्याने अपील करायला नकार दिला. पण फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. त्यांनी त्याच्या प्रत्येकी सुमारे दोन तासांच्या पाच मुलाखती घेतल्या. निदान झालं जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं. त्याच्या मनात दोन जगं होती. एक 'कानून'चं आणि एक आपण सगळे राहतो ते. लोक आपल्याला कानूनविरुद्ध वागायला लावतायत, आपल्याला बदलू बघतायत, अशी त्याची खात्री होती. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला तर त्याने तो घेतला नाही. मी कानूनचा प्रतिनिधी आहे, दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे बरीच वर्षं उपचार झाले, गुण आला नाही, आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

आता सिनेमाकडे बघा. तिथला रामन्ना सुसंगत आहे. त्याला एक जोडीदार हवाय, तो राघवला निवडतो, त्याच्या मागे राहतो आणि शेवटी त्याला पटवून देतो की आपण दोघं एक. हा आखीव युक्तिवाद लेखकाचा आहे. खऱ्या आजारात माणूस जगापासून तुटत जातो, कोणाला निवडत बसत नाही. सिनेमा आजाराचं नावही घेत नाही. एका परीने ते बरंच, कारण आजाराचं नाव देऊन त्याने रामन्नाचं स्पष्टीकरण दिलं असतं तर त्या पालकांची भीती खरी ठरली असती.

कृपा करून एवढं लक्षात ठेवा. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतांश माणसं कोणावरही हात उगारत नाहीत. त्यांच्यावरच हात उगारला जाण्याची शक्यता जास्त असते, घरात आणि रस्त्यावरही. घाटकोपरकरांच्या आजीने पाहिलेला तो भिकारी आठवा.

सांजवात

मनोव्यापार, त्या पालकांना काय सांगितलंत?

मनोव्यापार

मुलाचे उपचार नियमित चालू आहेत, तो घरात भाजी निवडतो, पेपर वाचून दाखवतो. म्हटलं, शेजाऱ्यांना हे दिसू द्या. त्याला लपवू नका.

मिशिगनचा वारा

शिकागोत राहतो, इथे मराठी मंडळातल्या तिघाचौघांनी मिळून पाहिला. धाग्यात कमी खर्चाचा विषय निघाला म्हणून जवळचं एक उदाहरण. जॉन मॅकनॉटनचा 'हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर' याच शहरात सुमारे १ लाख १० हजार डॉलरमध्ये, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर झाला. १९८६ ला तयार होता, पण हिंसेमुळे प्रमाणपत्राचा घोळ झाला आणि नीट प्रदर्शित व्हायला १९९० उजाडलं. मायकल रूकर त्यातला हेन्री.

त्याची सुरुवात इथल्या वादाशी जोडलेली आहे. पहिल्या काही दृश्यांत फक्त मृतदेह दिसतात. कॅमेरा एकेकाभोवती शांतपणे फिरतो आणि मागे त्या व्यक्तीच्या शेवटच्या क्षणांचे आवाज ऐकू येतात. घाव एकही नाही. सांजवात म्हणतात तसं मेलेल्या माणसाकडे आधी बघायला लावलंय. पुढे एका प्रसंगात खुनी स्वतः चित्रित केलेला खून टीव्हीवर बघतात आणि आपणही तोच टीव्ही बघत असतो. तिथे हसू येत नाही, स्वतःच्या बघण्याचीच शिसारी येते. आमच्याबरोबर 'रामन राघव २.०' बघणाऱ्यांना नवाजुद्दीनने मात्र खूप हसवलं. घरी परतताना गाडीत कोणीच बोलत नव्हतं, मग एकाने विचारलं, आपण हसलो कशाला?

शेवटची लोकल

'हेन्री' पाहिलाय. तो टीव्हीचा प्रसंग विसरता येत नाही. ज्यांचं मन घट्ट नाही त्यांनी बघू नये.

रात्रपाळी

कान महोत्सवात 'डिरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात हाच सिनेमा मे महिन्यात दाखवला गेला. तिथले प्रेक्षक कुठे हसले असतील, कुठे गप्प झाले असतील, याचं कुतूहल आहे. आमच्या ठाण्यात बहिणीच्या घरात रामन्ना शिरल्यावर मात्र शिट्ट्या बंद झाल्या होत्या, हे नक्की. "दाखव ना" म्हणणारा तो आवाजही त्यानंतर आला नाही.

नवीन पालवी

बऱ्याच वर्षांनी धागा वर काढते आहे. सिनेमा आता घरी, लॅपटॉपवर, हेडफोन लावून पाहिला. 'गली बॉय'मधली आई आवडली म्हणून अमृता सुभाषचं जुनं काम शोधत होते, त्यात हा सापडला आणि मग हा धागा.

हेडफोनवर दांड्याचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानात जातो तेव्हा मी अक्षरशः मागे वळून पाहिलं. बहिणीचा प्रसंग मात्र सलग पाहू शकले नाही. मध्येच थांबवला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, दाराची कडी बघून आले. थेटरात ही सोय नव्हती, त्या वेळी तुम्ही सगळ्यांनी तो कसा सोसला असेल!

मग शोधता शोधता श्रीराम राघवनने १९९१ मध्ये केलेला 'रामन राघव' मिळाला. रघुवीर यादव आहेत. इथे त्याचा उल्लेख कसा नाही? तो खऱ्या प्रकरणावर आहे, संकलन राजकुमार हिरानीचं. दिसायला अगदी साधा, व्हिडिओवर केलेला, रंग उडालेले. पण रघुवीर यादव कुठेही आपल्याकडे बघून 'बघा मी किती विचित्र' असं म्हणत नाहीत. खुनी कोपऱ्यात बसलाय, जेवतोय, चालतोय. मला तो जास्त खरा वाटला आणि एकदाही हसू आलं नाही. पेठेतला यांना जो सिनेमा हवा होता तो हाच असावा.

पेठेतला

काल रात्री पाहिला. हो, हाच हवा होता. पोलीस आहेत, चौकशी आहे, शहर आहे. आणि तोही कश्यपच्या साडेतीन कोटींच्या मानाने चिल्लर पैशांत झाला असणार. रघुवीर यादवांचं काम बघून सुन्न झालो. त्या मानाने नवाजुद्दीनचा रामन्ना मला आता जास्तच नाटकी वाटतोय.

तिसरी घंटा

दोघांची तुलना अशी करता येईल असं वाटत नाही. एकाला खरा माणूस दिलाय, दुसऱ्याला एक कल्पना. नवाजुद्दीन ती कल्पना चालती-बोलती करतो, ते काम वेगळं. पण नवीन पालवी, दुवा सुचवल्याबद्दल आभार. आमच्या गटातल्या मुलांना दोन्ही दाखवणार आहे, आधी १९९१ चा.

घाटकोपरकर

धागा वर आलाय तर एक विचारतो. १९६८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरचे मराठी पेपर कुठे बघायला मिळतील? 'महाराष्ट्र टाइम्स', 'लोकसत्ता', अत्र्यांचा 'मराठा'. बातम्यांत मारल्या गेलेल्यांची नावं, गावं, कामधंदा छापला असेल तर उतरवून घ्यायचा आहे. इंग्रजीत जे वाचलं त्यात खुन्याच्या खिशातल्या लसणाचीही नोंद आहे, पण या माणसांबद्दल ओळ-दीड ओळ.

सांजवात

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात चौकशी करून बघा. जाण्याआधी फोन करा, जुने अंक काढून द्यायला वेळ लागू शकतो. शनिवारी जाणार असाल तर मीही येते, दोघांनी वाटून घेतलं तर दोन महिन्यांचे अंक लवकर चाळून होतील.

घाटकोपरकर

शनिवार चालेल. व्यक्तिगत निरोप पाठवतो. जे मिळेल ते इथेच टंकू.